ऑपरेटर गेला, काम राहिलं

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावर आपल्याला जे काळं दिसतं ते त्या भिंतीचं आणि त्या खोलीचं काळेपण असतं; यंत्राने तेवढ्या जागी उजेड टाकलेला नसतो, इतकंच. खोलीत दुपारचं ऊन शिरत असेल तर भिंत पांढरी ती पांढरीच राहणार आणि सिनेमातली अमावास्याही दुधाळ दिसणार. या पुस्तकात पुढे जे काही सांगितलं आहे, त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून निघतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून महिन्यातून एकदा सिनेमा दाखवायचो. त्या निमित्ताने प्रोजेक्टर हाताशी आला. पुढे शाळांमध्ये, समाजमंदिरांत, बचत गटांच्या प्रशिक्षणात, कधी देवळासमोरच्या पटांगणात तो लावायची वेळ येत गेली. लोकांना कळलं की याला यातलं समजतं. मग बोलावणी येऊ लागली. बोलावणं बहुतेक एकाच वाक्याचं असायचं: ‘प्रोजेक्टर बिघडलाय.’ मी जायचो, आणि बऱ्याचदा प्रोजेक्टर ठणठणीत निघायचा. बिघाड असायचा तो खिडकीत, बोर्डात, वायरीत, लॅपटॉपच्या एखाद्या सेटिंगमध्ये, नाहीतर यंत्र ज्या बाकावर ठेवलं होतं त्या बाकाच्या जागेत.

एका शाळेतला प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. देणगीतून मिळालेला नवाकोरा प्रोजेक्टर. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, चित्र फार फिकं येतंय. बल्ब गेला असणार, नवीन मागवावा लागेल.” मेनू उघडून पाहिलं तर दिव्याचे तास जेमतेम ४० झालेले. वर्गाला पूर्वेकडून तीन मोठ्या खिडक्या, सकाळचे दहा वाजलेले आणि चित्र मात्र भिंतभर पसरलेलं, १२ फूट रुंद. मी बाईंना विचारलं, काळा कागद आहे का? विज्ञान प्रदर्शनाचा उरलेला होता. पोरांनी खिडक्यांना कागद लावले, मी चित्र सहा फुटांवर आणलं. नवीन बल्बची मागणी तिथेच थांबली.

तिथे काय घडलं त्याचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येकाने एकदा करून पाहावं. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर, दिवा नवा आणि पूर्ण तेजावर असताना, सहा फूट रुंद चित्रावर साधारण १,४०० लक्स उजेड टाकतो. तेच चित्र १२ फूट रुंद केलं की क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड उरतो ३५० लक्सच्या आसपास. उघड्या खिडक्यांच्या वर्गात भिंतीवर तेवढाच उजेड आधीपासून पडलेला असू शकतो. म्हणजे पडद्यावरचा पांढरा हा काळ्याच्या जेमतेम दुप्पट उजळ. फळ्यावरचं खडूचं अक्षरसुद्धा त्याहून ठसठशीत उठून दिसतं. अशा जागी जास्त ल्युमेनचा महागडा प्रोजेक्टर घ्यायचा सल्ला मिळतो आणि शाळा वर्गणी काढून तो घेतेही. मला त्याचं वाईट वाटतं. एका जाड पडद्याच्या कापडाने जे काम झालं असतं त्यासाठी ग्रंथालयाची दोन वर्षांची पुस्तकं गेलेली मी पाहिली आहेत.

ही वेळ शिक्षकांवर का येते, याचा विचार करताना मला नेहमी सिनेमागृहातला ऑपरेटर आठवतो.

पूर्वीच्या थिएटरमध्ये यंत्रखोलीत एक माणूस रात्रंदिवस असायचा. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धगधगत ठेवून त्यातून उजेड मिळवला जायचा. कांड्या जळून आखूड होत जायच्या, त्यांच्यातलं अंतर सांभाळावं लागायचं. नजर हलली की पडद्यावर उजेड मंदावायचा. ३५ मिलिमीटरचं २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपायचं. ते संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकायचा आणि त्या खुणेवर ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करायचा. प्रेक्षकांना सांधा कळायचा नाही. यंत्राच्या खडखडाटात वेगळा सूर लागला की त्याला आधी कळायचं, बिघाड नंतर व्हायचा. जत्रेतल्या तंबूत हाच माणूस ट्रकच्या पाठीवर बसून यंत्र चालवायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी २०१६ साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंचं रिळांकडून डिजिटलकडे जाणं टिपलं आहे. ज्यांना या पुस्तकातलं तंत्र रुक्ष वाटेल त्यांनी तो जरूर पाहावा.

२०१०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत थिएटरांमधून रीळ गेलं आणि त्याच्याबरोबर तो ऑपरेटरही गेला. त्याच सुमाराला छोटे डिजिटल प्रोजेक्टर शाळा-कॉलेजांत, ग्रामपंचायतींत, लग्नाच्या हॉलमध्ये पोहोचले. त्यांना ऑपरेटर लागत नाही असं समजून ते घेतले गेले. वायर जोडा, बटण दाबा, झालं. प्रत्यक्षात ऑपरेटरचं काम कुठेही गेलं नव्हतं. अंधार करायचा, पडदा ताणायचा, यंत्राची जागा ठरवायची, वीज पाहायची, आवाज पाहायचा, काही अडलं तर लोक ताटकळत असताना डोकं शांत ठेवून कारण शोधायचं, हे सगळं तसंच राहिलं. फक्त ते आता गणिताच्या बाईंवर, ग्रामसेवकांवर, मंडळातल्या एखाद्या पोरावर येऊन पडलं. आणि त्यांना ते कोणी शिकवलं नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

आपल्याकडे हे काम नवं नाही, हेही त्यांना कळावं असं मला वाटतं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमॅटोग्राफ लोकांनी पाहिला, ही तारीख सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याही आधी कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे कुटुंबीय ‘शांबरिक खरोलिका’ नावाने दिव्याचे खेळ करत होते. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर मोठी होत. काच, दिवा, भिंग, पडदा आणि अंधार. आजच्या यंत्रातही मांडणी तीच आहे. काचेच्या जागी काय आलं, तेवढं समजून घेतलं की पुढची भीती जाते.

काचेच्या जागी दोन प्रकारच्या गोष्टी आल्या. एका प्रकारात, ज्याला डीएलपी म्हणतात, नखाएवढ्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ही चिप घडवली. १२८० बाय ८०० ठिपक्यांच्या चित्रासाठी १० लाख २४ हजार आरसे. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. तो एका बाजूला कलला की उजेड लेन्सकडे जातो, दुसऱ्या बाजूला कलला की आतच विझतो. बहुतेक लहान यंत्रांत रंगांसाठी एक चकती गरगर फिरत असते. लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक पडतात आणि आपला डोळा ते एकत्र करतो. काही जणांना मान वळवताना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्य दिसतं ते यामुळेच. त्यांचे डोळे ठीक आहेत आणि यंत्रही. दुसऱ्या प्रकारात द्रवस्फटिकाच्या तीन लहान पट्ट्या असतात. दिव्याचा उजेड तीन रंगांत फोडून एकेका पट्टीतून जातो आणि लोलकात पुन्हा एकत्र येतो. याला थ्री-एलसीडी म्हणतात. वर्गासाठी दोन्ही चांगले. फरक आहे तो आजारपणात. डीएलपीचे आरसे वयानुसार अडकू लागले की चित्रात पांढरे ठिपके उमटतात आणि ते वाढत जातात. एलसीडीत धूळ शिरली की मऊ कडांचा डाग दिसतो आणि पट्ट्यांनी फार उष्णता सोसली असेल तर चित्राचा एखादा भाग पिवळट किंवा निळसर पडतो.

आता या पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी युक्ती. ती सांगायला मी प्रकरणाची वाट पाहत नाही.

चित्रात काहीही खोट दिसली की प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणा. हा मेनू यंत्र आतल्या आत तयार करतं. लॅपटॉपशी, वायरीशी त्याचा संबंध नसतो. मेनूची अक्षरं स्वच्छ आणि रंग खरे असतील, तर लेन्स, दिवा, आरसे किंवा पट्ट्या ठीक आहेत आणि दोष यंत्राच्या अलीकडे, म्हणजे वायरीत किंवा लॅपटॉपमध्ये आहे. मेनूवरही तोच डाग, तोच पिवळेपणा, तेच अंधुकपण असेल, तर वायर बदलून काही होणार नाही. दोष यंत्रात आहे. आणि मेनूच उमटत नसेल, पण पंखा फिरतोय आणि पुढे दिवा पेटलेला नाही, तर विचार दिव्यापासून सुरू करायचा. एका बटणाने शोध निम्म्यावर येतो. मी ही युक्ती ज्या ज्या शिक्षकांना दाखवली त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे, कारण तोवर ते सगळ्याच गोष्टी एकदम हलवून पाहत होते.

सगळं एकदम हलवणं, हीच मोठी चूक. वायर काढून घातली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, दुसरा इनपुट निवडला, आणि चित्र आलं. पण कशामुळे आलं? पुढच्या वेळी तोच बिघाड झाला की पुन्हा तीच धावपळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर पडद्याकडे पाहायचं. उजेडाची आणि सिग्नलची वाट ठरलेली आहे: लॅपटॉप, त्याचं तोंड, वायर, प्रोजेक्टरचं तोंड, आतलं यंत्र, लेन्स, हवा, पडदा. या वाटेवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं. घाई असते, मागे ८० मुलं बसलेली असतात, सरपंच घड्याळ पाहत असतात, तरीही. किंबहुना तेव्हाच.

वायरींबद्दल पुस्तकात एक लांब प्रकरण आहे, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. जुन्या व्हीजीए वायरीत १५ पिना असतात आणि तीन रंग तीन वेगळ्या पिनांवरून येतात. म्हणून चित्राच्या रंगावरून कुठली पिन वाकली ते ओळखता येतं. लाल तुटला तर चित्र निळं-हिरवं होतं, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी, निळा गेला तर पिवळं. वाकलेली पिन पातळ चिमट्याने सरळ करता येते, पण एकदाच; दुसऱ्यांदा ती मोडते. व्हीजीएची लांब वायर हळूहळू खराब होते, अक्षरांना सावली येते. एचडीएमआयचं तसं नाही. तिथे चित्र एकतर उत्तम असतं, नाहीतर चमचमते ठिपके येऊन मधेमधे काळं होऊ लागतं. दहा मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या एचडीएमआय वायरीवर मी भिस्त ठेवत नाही. त्याहून लांब अंतरासाठी मिळणाऱ्या फायबरच्या वायरींना दिशा असते: एक टोक लॅपटॉपचं, दुसरं प्रोजेक्टरचं. गवंड्याकडून ती भिंतीत पुरून घेण्याआधी टोकांवरची अक्षरं वाचा. उलटी पुरलेली वायर काढण्यासाठी नवीन प्लास्टर फोडावं लागलेलं मी पाहिलं आहे.

‘नो सिग्नल’ ही पाटी दिसली की लोक हबकतात. ती पाटी दिसते आहे याचा अर्थ यंत्र जिवंत आहे. मग आधी रिमोटवरून योग्य इनपुट निवडला आहे का ते पाहायचं; प्रोजेक्टरला दोन एचडीएमआय तोंडं असतील तर वायर एकात आणि निवड दुसऱ्याची, हे फार वेळा होतं. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचं. एचडीएमआयवर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आधी एकमेकांशी बोलतात. मी कोण, मला किती ठिपक्यांचं चित्र चालतं, हे प्रोजेक्टर सांगतो आणि मग लॅपटॉप चित्र पाठवतो. म्हणून आधी प्रोजेक्टर सुरू करून तो पूर्ण जागा झाल्यावर वायर जोडली की पुष्कळ अडचणी उद्भवतच नाहीत. नव्या लॅपटॉपची सी-टाइप तोंडं सगळी चित्र पाठवत नाहीत, काही फक्त चार्जिंगची असतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, नेमक्या त्याच लॅपटॉपवर, नेमक्या त्याच वायरीने पाहून ठेवणं हाच त्यावरचा इलाज आहे. आणि चित्र आल्यावर आवाज गेला तर घाबरू नका. एचडीएमआय जोडली की आवाजही तिच्यातून प्रोजेक्टरच्या लहानशा स्पीकरकडे जातो. लॅपटॉपवर आवाजाची वाट पुन्हा निवडून द्यावी लागते. ब्लूटूथ स्पीकरवर सिनेमा दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. आवाज ओठांच्या मागे राहतो, आणि सिनेमात तेवढंही अंतर जाणवतं.

जागेचा हिशेब फुटपट्टीचा आहे. प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात एक गुणोत्तर दिलेलं असतं: पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. ते १.५ असेल तर आठ फूट रुंद चित्रासाठी यंत्र १२ फुटांवर हवं. कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणाऱ्या यंत्रांत ते ०.५ किंवा त्याहूनही कमी असतं. छताला यंत्र टांगायचं तर खिळा ठोकण्याआधी हा हिशेब करायचा. खिळा ठोकल्यावर सगळे तो करतात. चित्र चौकोनी न येता एका बाजूला रुंद येत असेल तर यंत्र पडद्यासमोर सरळ नाही. त्याला किस्टोनचं बटण असतं, पण ते वापरणं ही माझ्या मते शेवटची सोय आहे. ते बटण तिरपं चित्र आतल्या आत कापून, दाबून सरळ करतं. ठिपके वाया जातात, बारीक अक्षरं धूसर होतात. त्यापेक्षा यंत्रच सरळ करा. घरात पाणसळ असेल तर ती यंत्रावर ठेवून पाहा. बहुतेक यंत्रं टेबलावर ठेवली की चित्र वरच्या दिशेने टाकतात, म्हणून यंत्राच्या तोंडाखाली पुस्तकांची चवड लावायची सहसा गरज नसते. उलट त्या चवडीमुळेच चित्र तिरपं होतं. छताला उलटं टांगताना मेनूत ‘सीलिंग’ निवडलं की चित्र सुलटं येतं. टांगलेल्या यंत्राला मुख्य पट्टीशिवाय एक सुरक्षेची साखळीही असावी. खाली मुलं बसतात.

पडद्याचं सांगतो. पांढरी, गुळगुळीत, तकाकी नसलेली भिंत पुरते. पण आपल्याकडे चुना लावताना त्यात नीळ घालतात, भिंत डोळ्यांना अधिक पांढरी वाटावी म्हणून. त्या भिंतीवर माणसांचे चेहरे निळसर, आजारी दिसतात आणि लोक दोन-दोन तास प्रोजेक्टरचे रंग बदलत बसतात. तेवढा चौकोन साध्या पांढऱ्या मॅट रंगाने रंगवून घेतला की प्रश्न मिटतो. कापड वापरायचं तर मांजरपाट चांगलं, पण एकेरी नको; एकेरी कापडातून उजेड पलीकडे निसटतो. दुहेरी करून, मागे काळं कापड लावून ताणलेला मांजरपाट मी अजूनही वापरतो.

यंत्रापेक्षा आपल्या विजेची आणि धुळीची कहाणी वेगळी आहे, आणि परदेशी माहितीपुस्तिकांत ती नसते. बऱ्याच प्रोजेक्टरांत अजून उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. तो पेटलेला असताना आत प्रचंड दाब असतो, सुमारे २०० वातावरणांइतका. लाइट गेली की दिवा विझतो, पण गरम आणि दाबाखालीच असतो. लाइट लगेच परत आली तरी तो दाब उतरल्याशिवाय दिवा पुन्हा पेटत नाही. काही मिनिटं जातात. त्या काही मिनिटांत लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि यंत्र गेलं असं समजून कार्यक्रम संपवतात. थांबायचं असतं. जिथे वीज वरचेवर जाते तिथे यूपीएसवर यंत्र ठेवणं हा चैनीचा खर्च नाही. दिवा विझल्यावरही पंखा चालू राहून आतली उष्णता बाहेर पडावी, हे त्यामागचं कारण आहे. असा दिवा ३,००० ते ५,००० तास चालतो असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की त्या मुदतीपर्यंत उजेड साधारण निम्म्यावर येतो. रोज एक तास वापरणाऱ्या शाळेला तो दिवा दहा वर्षंही पुरायला हवा. पण धूळ तेवढं थांबत नाही. खडूची धूळ जाळीवर बसते, हवा कोंडते, तापमानाचा दिवा लुकलुकू लागतो आणि यंत्र आपलं आपण बंद पडतं. त्या लुकलुकणाऱ्या दिव्याला लोक बिघाड म्हणतात. यंत्र स्वतःला वाचवत असतं. दर महिन्याला जाळी काढून मऊ ब्रशने झटकायची, यंत्राच्या चारी बाजूंना फूटभर जागा मोकळी ठेवायची. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढायचं. आत पारा असतो. नव्या लेझरच्या यंत्रांत हा दिवाच नसतो, प्रकाशस्रोत २०,००० तासांपर्यंत चालतो आणि लगेच पेटतो. नवीन घेणार असाल तर मी तेच घ्या म्हणेन. जाळी मात्र त्यालाही झटकावी लागते.

एक बारीकशी गोष्ट, पण तिने मला एकदा फार छळलं. एका यंत्राचा पंखा भयंकर आवाज करायचा. सिनेमातलं हळू बोलणं ऐकू येईना. मेनूत उंच प्रदेशासाठीची सोय चालू राहिलेली होती. हवा विरळ असते तिथे पंखा जोरात फिरावा म्हणून ती असते, साधारण १,५०० मीटरच्या वर वापरायची. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यातल्या शाळांना ती कधी लागण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. ती बंद केली आणि खोलीत पुन्हा माणसांचा आवाज आला. कोकणातल्या वाचकांसाठी दुसरी सूचना: पावसाळ्यात थंड गाडीतून यंत्र काढून लगेच सुरू करू नका. दमट हवेत लेन्सवर आणि आतही वाफ धरते. अर्धा तास तसंच राहू द्या. पेटीत ठेवताना सिलिकाच्या पुड्या ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशीच्या रेषा उमटतात आणि त्या पुसून जात नाहीत.

उघड्यावरच्या खेळांवर मी पुस्तकात माझ्या आवडीने जास्त पानं दिली आहेत, संपादकांनी कमी करायला सांगूनही. दिवसा उघड्यावर काहीही दिसत नाही. सावलीतसुद्धा हजारो लक्स उजेड असतो, आणि १० फूट रुंद पडद्यावर आपलं यंत्र टाकणार सहाशेच्या आत. म्हणून सूर्यास्तानंतरही अर्धा-पाऊण तास थांबायचं. पौर्णिमेची चिंता नको, चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. चिंता असते ती देवळावरच्या हॅलोजनची; तो तासभर बंद ठेवायची परवानगी पुजाऱ्यांकडून आधीच घ्यायची. पडदा वाऱ्यात शिडासारखा फुगतो, बांबू वाकतात. वरची कड घट्ट बांधून खालची कड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बांधली की ती वाऱ्याबरोबर थोडी देते आणि फाटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर उजेडाच्या झोतात पाकोळ्या येतात आणि गरम हवेच्या तोंडातून आत ओढल्या जातात. थोड्या अंतरावर, पडद्याकडे पाठ करून एक साधा दिवा लावून ठेवायचा. बऱ्याच पाकोळ्या तिकडे जातात. यंत्र, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्यायचे, आणि त्या बोर्डाला खरं अर्थिंग आहे ना ते पाहायचं. वेगवेगळ्या घरांतून वीज ओढली की स्पीकरमध्ये घुंई ऐकू येते आणि व्हीजीए चित्रात आडवे पट्टे सरकतात. ओल्या जमिनीवर मुलं बसणार असतील तर अर्थिंगचा विषय आवाजाच्या पलीकडचा होतो.

मध्येच चित्र थांबवायचं असेल तर लेन्सवर टोपी किंवा रुमाल टाकू नका. टोपी वितळलेली मी पाहिली आहे. रिमोटवर चित्र झाकायचं बटण असतं. लहान मुलांना उजेडाच्या झोतात हात घालून सावल्या करायच्या असतात. खेळ सुरू होण्याआधी त्यांना पाच मिनिटं ते करू द्या, फक्त लेन्सकडे तोंड करून उभं राहू देऊ नका. उजेड कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो हे त्या पाच मिनिटांत ती शिकतात. त्यांच्यातलंच कोणी तरी पुढच्या वर्षी वायर जोडायला उभं राहतं. माझ्या बरोबरीने आज जी मुलं प्रोजेक्टर लावतात, त्यातल्या दोघांची सुरुवात भिंतीवर कुत्र्याची सावली करण्यापासून झाली होती.

पुस्तकाच्या शेवटी १२ पानं कोरी सोडली आहेत. तिथे तुमच्या खोलीची मापं लिहा: पडद्याची रुंदी, यंत्राचं अंतर, टेबलाची जागा (जमिनीवर तिची खूण खडूने नाही, रंगाने करा), वायरीची लांबी, कुठला लॅपटॉप कुठल्या तोंडावर चालला. दिव्याचे तास दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मेनूतून पाहून लिहा, आणि त्याच दिवशी जाळी झटकली तर त्याच्यापुढे खूण करा. काही बिघडलं तर काय दिसलं, मेनू स्वच्छ होता का, आणि कुठली एक गोष्ट बदलल्यावर चित्र परत आलं, एवढं दोन ओळींत. तुमची बदली झाली की ही पानं फाडून नेऊ नका. पुस्तक कपाटात, प्रोजेक्टरच्या पेटीवर ठेवा, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्या सरांना किंवा बाईंना ते पहिल्या दिवशीच हाताला लागेल.